जीरावन आणि 'बरी जिरली'

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळी रामबागेत पोहे घ्यायला उभे होतो आम्ही आठ-दहा जण, रात्रभर पाऊस झालेला, दुकानासमोर खोदून ठेवलेलं, आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतले एक काका एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पोहे-जिलबी घेऊन निघाले ते थेट चिखलात बसले. छत्री उलटी, पांढरा लेंगा गेला कामातून, जिलबी गटारात, पण पोह्याची पुडी मात्र हात वर करून धरलेली, एक दाणा सांडू दिला नाही. सगळे फिस्सकन हसलो, मीही. मग धावलो उचलायला. आधी हसलो मग धावलो, हे खरं सांगतोय. काकाच म्हणाले, "अरे हसताय काय, जिलबी गेली ना माझी" आणि स्वतःच हसायला लागले.

हे हसू मला वाईट वाटत नाही. माणूस पडतो, आपण दचकतो, लागलेलं नाही हे कळतं आणि ती धडधड हसण्यातून बाहेर पडते. रक्त दिसलं असतं तर कोणाला हसू आलं असतं?

पण कोणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळी गाणं लावून गल्लीच्या ग्रुपवर. आता काका म्हणजे काय, मुलगा अमेरिकेत, घर तीन मजली, आणि वर रोज सगळ्यांना "गाडी नीट लावा" म्हणून सुनावणार. खाली पटापट मेसेज, "बरी जिरली", "अब बोलो भिया". आपण इंदूरवाले पोह्यावर जीरावन मसाला घातल्याशिवाय खात नाही आणि दुसऱ्याच्या फजितीवर हे 'जिरली' भुरभुरल्याशिवाय आपल्याला चव येत नाही. जर्मन लोकांकडे यासाठी अख्खा शब्द आहे म्हणे, शाडेनफ्रॉइडे, 'नुकसान' आणि 'आनंद' जोडून केलेला. हॉब्स नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने तर १६५१ मध्येच लिहून ठेवलंय की दुसऱ्यात खोट दिसली की आपण एकदम वरचढ वाटतो आणि त्यातून हसू फुटतं. आणि २००९ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदूचे स्कॅन काढून पाहिलं, ज्याचा हेवा वाटतो त्याचं वाईट झालं की बक्षीस मिळाल्यावर जो भाग जागा होतो तोच होतो. म्हणजे आमच्या ग्रुपला त्या दिवशी फुकटात बक्षीस मिळालं.

मी पण तो व्हिडिओ पुढे पाठवला, साडूला आणि ऑफिसच्या ग्रुपवर. का, तर आदल्याच दिवशी काकांनी माझी अ‍ॅक्टिवा हलवायला लावली होती.

आता आठवडा झाला, काका पोह्याला येत नाहीत, नातवाला पाठवतात. काल दुकानदाराने त्याला विचारलं, "दादाजी ठीक हैं ना?" आणि मागे उभं असलेलं कोणीतरी खुसकन हसलं. मी घरी येऊन तो मेसेज शोधला. 'डिलीट फॉर एव्हरीवन' येतच नव्हतं, वेळ निघून गेली होती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर