जादा रजा नाकारणारे मतदार

महोदय,

सार्वमत घेतले की लोक फुकटचेच मागणार, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ मध्ये उलटेच घडले. वर्षाला किमान सहा आठवडे भरपगारी रजा मिळावी, हा प्रस्ताव सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी फेटाळला. (आमच्या ऑफिसात असे मतदान झाले तर निकाल सांगायला ज्योतिषी नको!) अर्थात ते अगदीच विरक्त नाहीत, मार्च २०२४ मध्ये त्यांनी वर्षाला तेरावे निवृत्तिवेतन मंजूर करून घेतलेच.

तिथे १८ महिन्यांत एक लाख सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव लोकांपुढे येतो. मंजुरीसाठी मतदारांच्या बहुमताबरोबर बहुसंख्य कॅन्टनचाही (म्हणजे तिथल्या घटक राज्यांचाही) कौल लागतो. संसदेने केलेला कायदा मतदानाला लावायचा तर १०० दिवसांत ५० हजार सह्या पुरतात.

मात्र या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी १९५९ सालही आठवावे. स्त्रियांना मताधिकार द्यावा का, या प्रश्नावर तेव्हा सार्वमत झाले आणि उत्तर आले, ‘नाही’. मत देणारे अर्थातच फक्त पुरुष! देशपातळीवरचा हा हक्क मिळायला बायकांना १९७१ पर्यंत थांबावे लागले.

– एक वाचक, पुणे