फक्त उंची आणि पॉइंट बघून ड्राफ्टचा अंदाज नको

मा. संपादक साहेब, सनविवि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर एनबीए ड्राफ्टवर (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या टीम दरवर्षी नवे प्लेअर नंबराने निवडतात तो ड्राफ्ट) चांगला अर्धं पान मजकूर आला होता, बघून बरं वाटलं, नाहीतर आमच्या सांगलीत बास्केटबॉलची बातमी म्हणजे शालेय स्पर्धेचा निकाल आणि वर प्रमुख पाहुण्यांचा फोटो. पण अमेरिकेतल्या कॉलेजच्या उंच पोरांची, तिकडं ज्यांना बिग मॅन म्हणतात त्यांची, तुलना करताना लिहिणाऱ्यांनी दोनच गोष्टी बघितल्यात, उंची किती आणि मॅचला पॉइंट किती. ज्याचे पॉइंट जास्त तो आधी जाणार, झालं. हा हिशोब आजवर इतक्यांदा फसलाय की लिहिल्याशिवाय राहवेना.

2015 चा ड्राफ्ट घ्या. ड्यूक कॉलेजचा जहलील ओकाफोर मॅचला 17.3 पॉइंट करत होता आणि त्याच वर्षी ड्यूकने कॉलेजची फायनल मारली. केंटकी कॉलेजचा कार्ल-अँथनी टाउन्स फक्त 10.3 वर. आता तुमच्या हिशोबाने ओकाफोर लय पुढं. पण टाउन्स खेळायचाच जेमतेम 21 मिनिटं, कारण केंटकीकडं इतके तगडे प्लेअर होते की सीझनच्या सुरुवातीला कोच पाचच्या पाच जण एकदम बदलायचा, मग पॉइंट येणार कुठून. फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर कुणी न अडवता मारायचा शॉट, बघा म्हणजे कळतं, टाउन्स 81 टक्के आणि ओकाफोर 51. मिनेसोटाने टाउन्सला पहिला उचलला, ओकाफोर तिसरा फिलाडेल्फियाला गेला. ओकाफोरने पहिल्या सीझनला तिथंही 17 च्या वर पॉइंट काढले, नाही असं नाही, पण डिफेन्सला बास्केटपासून लांब ओढला की पाय चालेनात, आणि 2017 च्या डिसेंबरात त्याला ब्रुकलिनला देऊन टाकला. टाउन्सने 2022 मध्ये ऑल-स्टारची थ्री-पॉइंट स्पर्धा, म्हणजे लाईनबाहेरून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटची, जिंकली, तीही सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, असून! कॉलेजात त्याने लांबून फारसे शॉट मारलेच नव्हते, पण हाताला टच आहे हे फ्री थ्रोच्या आकड्यात आधीच दिसत होतं.

असं का होतं ते त्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं. कॉलेजमध्ये डिफेन्सवाला उंच गडी बास्केटखाली कितीही वेळ उभा राहिला तरी चालतं. एनबीएत 2001-02 पासून नियम आहे, कुणाला जवळून गार्ड करत नसशील तर पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या चौकटीत, तीन सेकंदांच्या वर थांबायचं नाही. त्यात थ्री-पॉइंटची लाईन कॉलेजला 6.75 मीटरवर आणि एनबीएत समोरून 7.24 मीटर, म्हणजे तिथं कोर्ट पसरतं आणि सात फुटी माणसाला बाहेर येऊन चपळ गार्डच्या, म्हणजे बॉल हाताळणाऱ्या कमी उंचीच्या प्लेअरच्या, समोर उभं राहावं लागतं. कॉलेजात झोन लावून, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखून, हे झाकता येतं, एनबीएत समोरची टीम मुद्दाम त्यालाच पिक अँड रोलमध्ये (एकाने डिफेन्सवाल्याच्या वाटेत आडवं उभं राहून मग बास्केटकडं वळायचं, ती चाल) धरते, परत परत, मॅच संपेपर्यंत. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड नाही, मातीतला पैलवान मॅटवर गेला की काय होतं ते आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनला सहावे आले तेव्हा मॅट त्यांना नवीच होती, आणि 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं. म्हणून बघायचं असतं ते हे की जमीन बदलल्यावर याच्याकडचं काय काय सोबत जाणार.

2018 ला पुन्हा तेच. ड्यूकचा मार्विन बॅगली 21 पॉइंट आणि 11 रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), सॅक्रामेंटोने दुसऱ्या नंबरवर घेतला (आणि पुढं मोठा स्टार झालेला लुका डॉन्चिच तिसरा गेला, ते दुखणं तिकडचे फॅन्स अजून काढतात). मिशिगन स्टेटचा जॅरेन जॅक्सन ज्युनियर फक्त 11 च्या आसपास पॉइंट, म्हणून चौथा. पण तो मॅचला 3 ब्लॉक करत होता, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच अडवत होता, थ्री जवळजवळ 40 टक्क्यांनी टाकत होता, फ्री थ्रो 80 च्या जवळ. बॅगली असताना ड्यूकला झोन खेळावा लागला, हीच मोठी खूण होती की. 2023 ला एनबीएचा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर कोण, जॅक्सन.

आता कुणी म्हणेल झॅक ईडीचं काय. बरोबर आहे, तो या सगळ्यात नीट बसत नाही आणि मला तोच जास्त आवडतो. सात फूट चार इंच, पर्ड्यूत चार वर्षं काढली, दोनदा देशातला सर्वोत्तम कॉलेज प्लेअर, आणि 2024 च्या फायनलला 37 पॉइंट टाकून टीम हरली, 75-60. समोर युकॉनचा डोनोव्हन क्लिंगन होता, त्याचे सीझनचे पॉइंट ईडीच्या निम्मे, तरी ड्राफ्टमध्ये क्लिंगन सातवा आणि ईडी नववा. लोक म्हणाले पाय स्लो आहेत, एनबीएत टिकणार नाही. मेम्फिसला जाऊन पहिल्याच सीझनला ऑल-रुकी फर्स्ट टीममध्ये, म्हणजे नवख्यांतल्या पहिल्या पाचांत, आला. माझं मत असं की त्याला नावं ठेवणाऱ्यांनी फक्त पाय बघितले, हात नाही बघितला, फ्री थ्रो सत्तरच्या वर होता आणि दरवर्षी तो काहीतरी नवीन शिकून येत होता. उलट केंटकीचा ऑस्कर शीब्वे, 2022 चा सर्वोत्तम कॉलेज प्लेअर, मॅचला 15 रिबाऊंड, 2023 च्या ड्राफ्टला त्याचं नाव 58 जणांत आलंच नाही. सहा फूट नऊ इंचाचा गडी सेंटरला खेळणार आणि लांबून शॉटही नाही, मग टीम घेणार कशाला.

दुखापतींचं वेगळंच, तिथं स्काऊटही (टीमसाठी प्लेअर हेरणारे) हात टेकतात. ग्रेग ओडेन 2007 ला, पुढं मोठा स्टार झालेल्या केविन ड्युरंटच्या आधी, पहिला गेला आणि गुडघ्यांमुळं सगळं करिअर 105 मॅचचं झालं.

आपल्या सतनाम सिंगचा उल्लेख केलात हे चांगलं केलंत, पण "उंचीमुळे निवड" एवढंच लिहून सोडून दिलंत. तो त्याच 2015 च्या ड्राफ्टमध्ये 52 वा गेला, कॉलेज न खेळता थेट अकॅडमीतून, आणि एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. सात फूट दोन इंच उंची होती की, मग राहिलं काय ते सांगा ना वाचकांना, कारण इथं आमच्या शाळांच्या स्पर्धांमध्ये अजून तेच चाललंय, उंच पोरगं दिसलं की रिंगखाली उभं करायचं, बॉल खाली आपटू नको म्हणायचं, लांबून शॉट मारला की ओरडायचं. अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड खेळत होता, मग एकदम उंची वाढली, आणि 2012 ला पहिला पिक गेला तो गार्डची हाताळणी सोबत घेऊनच.

पुढच्या जूनला ड्राफ्टचा तक्ता छापाल तेव्हा पॉइंटशेजारी मिनिटं, फ्री थ्रो टक्के आणि ब्लॉक हे तीन कॉलम वाढवा, जागा कमी पडली तर उंच पोरांचे फोटो लहान करा.

आपला वाचक,
विश्रामबाग, सांगली