बाठ्याचं खरं काय ते सांग

मिरज,
२८ मे २०२५

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

चिमणी वाचून दचकलीस ना? पिंट्या बोलायला लागला तेव्हापासून या नावाने तुला कोणी हाकच मारली नाही. त्याची ताई झालीस, मग मनूची झालीस. बाळ्या अजून नुसतं 'ता' म्हणतो, पण तेही तुलाच. बाबा म्हणतात ताईला विचार, मी म्हणते ताईला सांग. परवा ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या नव्या काकूंनी विचारलं, "ताई ताई करता, पण मुलीचं नाव काय हो?" तर तुझं शाळेतलं नाव सांगायला मला क्षणभर लागला. म्हणून म्हटलं, हे पत्र तरी चिमणीला.

फोनवर बोलता आलं असतं, पण तुला माहीत आहे. फोन लागला की पिंट्या ओढतो, मनू भोकाड पसरते आणि बाळ्या लाल बटण दाबतो. मामा लग्नासाठी सांगलीला आलाय, परवा परत देवरुखला जाईल. त्याच्या पिशवीत हे टाकते.

तिकडे पावसाचं काय? सोमवारी २६ तारखेला मुंबईत पोचला, इतक्या लवकर आजवर आला नव्हता म्हणे. इकडे तर सगळा मे महिनाच गार गेला. मी तीन दिवस गहू भिजवून कुरडयांचा चीक शिजवला आणि नेमकं त्याच दुपारी आभाळ भरून आलं. निम्म्या कुरडया पंख्याखाली घातल्या, उरलेला चीक पोरांनी दूध-साखर घालून वाटीवाटीने संपवला. तुझी वाटी काढून ठेवायला गेले आणि मग आठवलं. कपड्यांचं तर विचारू नकोस. खिडकीच्या गजापासून देवघराच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधलीय, तिच्यावर बाळ्याची दुपटी. बाबा दुसरी पाळी करून कुपवाडहून रात्री येतात ते वाकूनच आत शिरतात. मनूला वाटतं, देवाला नमस्कार करतायत.

आता खरी गोष्ट. तू ४ तारखेला गेलीस आणि मला वाटलं होतं, चला, एक पोर कमी, जरा सुटवांगी होईन. झालं भलतंच.

पहिल्या रात्री बाळ्या झोपेना. थोपटलं, मांडीवर हलवलं, पाळण्याची गाणी म्हटली. साडेअकराला पिंट्या कंटाळून अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "अगं, ताई गाणं नाही म्हणत. ताई गावं म्हणते." कुठली गावं? तर म्हणे एसटीची. मग मी अंधारात बसून सुरू केलं. मिरज, सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूर... "हातकणंगले राहिलं!" पिंट्या ओरडला, त्याने मनू जागी झाली. पुन्हा पहिल्यापासून. मलकापूर, आंबा, साखरपा. आंबा घाटाशी आवाज हळू करायचा असतो हेही त्यानेच शिकवलं. साखरप्याला बाळ्या झोपला. देवरुखला पोचायची गरजच पडली नाही. माझ्या माहेरचा रस्ता तू याच्यासाठी पाठ केलास, आणि मला पत्ता नाही.

दुसरी गोष्ट सांगायला मला भीती वाटते, पण सांगते. तू गेल्यावर चौथ्या दिवशी बाळ्या मशीनखाली बसला होता आणि त्याच्या मुठीत टाचणी सापडली. तोंडात गेली नव्हती, देवाची कृपा. लग्नसराईचे अकरा ब्लाउज अंगावर, मी आपली पाय मारतेय. इतकी वर्षं टाचण्या पडतायत आणि एकदाही कुणाला टोचली नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी समजत होते, मी जपून काम करते. मग बॉबिनच्या खणात तो स्पीकरचा लोहचुंबक दिसला, सुतळी बांधलेला. पिंट्याने सांगितलं, "ताई रोज संध्याकाळी मासे पकडते." त्यानंतर रोज दिवेलागणीला मीच मासे पकडते. काल सात मिळाले. तू आलीस तरी हे काम माझंच राहील, तो चुंबक आता मागू नकोस.

कॅलेंडरचंही सापडलं. गॅस कधी लावला ते बघायला पान उलटलं, तर एप्रिलच्या प्रत्येक चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीने पि, म, पि, म. आधी वाटलं औषधाचं काहीतरी. मनूने उलगडा केला, दुधाच्या पातेल्याची खरवड कोणाची त्याचा हिशेब. म्हणजे ते भांडण मिटलं ते पोरं शहाणी झाली म्हणून नव्हे. मी मात्र आपली शेजारी सांगत होते, आमची आता भांडत नाहीत हो! सगळा महिना पाहिला. 'ता' दोनच ठिकाणी होतं, दोन्ही चतुर्थ्यांना. चतुर्थीच का, ते काही मला कळलं नाही. त्या दिवशी पोरं मोदकाच्या नादात असतात म्हणून?

तू नसताना तो हिशेब मी दोन दिवस चालवला. तिसऱ्या दिवशी 'म' च्या जागी 'पि' लिहिलं गेलं आणि जे रामायण झालं त्यात पातेलंच मोरीत गेलं.

फेब्रुवारीतल्या कांजिण्या आठवतात? शाळेतून आधी तू घेऊन आलीस. डॉक्टर म्हणाले होते, घरात बाकीची पोरं आहेत, दोन आठवडे वाट बघा. बरोबर पंधराव्या दिवशी पिंट्याच्या पाठीवर आणि मनूच्या पोटावर एकाच सकाळी फोड, आणि ती दोघं उठतायत तोवर बाळ्या. खपल्या धरेपर्यंत कुणाला शाळेत पाठवायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. दीड महिना घराला कुलूप घातल्यासारखं. त्यात बाबांना लहानपणी झाल्या नव्हत्या, मोठ्या माणसाला फार जड जातात म्हणून त्यांना मित्राकडे पाठवलं. रोज जिन्यात डबा ठेवायचा आणि लांबूनच बोलायचं. आजी फोनवर कडुलिंबाचा पाला घाल म्हणत होती, डॉक्टर कॅलामाइन लाव म्हणत होते. मी दोन्ही केलं, कोणाला दुखवायचं नाही.

मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते की मी एकटीने काढले ते दिवस. एकटीने कुठे? तुझ्या खपल्या पडून गेल्या होत्या, तुला पुन्हा धोका नाही म्हणून बाळ्या तुझ्याच कडेवर होता. पिंट्याने खाजवू नये म्हणून तू त्याचे फोड रोज मोजायचीस, आणि खाजवला की तो फोड मोजणीतून बाद. एकशे बारावर त्याने तुझ्याशी भांडण काढलं होतं. आणि एका रात्री तू मला विचारलंस, "आई, हे माझ्यामुळे झालं ना?" मी कणीक मळत होते. मी म्हटलं, "झोप आता." एवढंच. तेव्हा द्यायचं उत्तर आता देते. तुझ्यामुळे काही झालं नाही. वर्गात निम्म्या मुलांना झाल्या होत्या.

'तू मोठी आहेस ना' हे मी दिवसातून किती वेळा म्हणते ते मला कधी ऐकू आलं नव्हतं. तू गेल्यावर पिंट्याच्या तोंडून ऐकलं, हुबेहूब माझ्या आवाजात. कंबरेवर हात ठेवून मनूला म्हणत होता, "मी मोठा आहे ना? मग बॅट माझी." गंमत बघ. तुला मोठी म्हटलं की तू हातातलं सोडून द्यायचीस. तो मोठा झाला तर दुसऱ्याच्या हातातलं काढून घेतोय. म्हणायची सवय माझीच. आता जीभ चावते, पण दिवसातून दोन-तीनदा निसटतंच.

लोक विचारतातच, हल्ली चार कोण काढतं! परवा बसमध्ये एक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी हिशेब सांगितला, बाबांचं पूर्ण तिकीट, २०२३ पासून बायकांना अर्धं म्हणून माझं अर्धं, तुझं अर्धं, पिंट्याचं अर्धं, मनू आणि बाळ्या फुकट. सहा माणसं अडीच तिकिटांत. बाई गप्प.

शाळेचं लिहायचं राहिलं. १६ जूनला उघडतेय. पिंट्या पहिलीत जाणार. पहिलीचा अभ्यासक्रम यंदापासून बदललाय, त्यामुळे तू त्याच्यासाठी कव्हरं घालून जपलेली पुस्तकं त्याच्या उपयोगाची नाहीत. ती फेकणार नाही, मनूला चित्रं बघायला होतील. आणि तुझी पाचवी सकाळच्या सत्रात आहे, सातची. चौथीपर्यंतच्या वर्गांना गेल्या वर्षीपासून नऊच्या आधी बोलवत नाहीत, म्हणजे पिंट्या तुझ्यानंतर दोन तासांनी निघणार. मी आधी कपाळाला हात लावला. तुझ्या हाताला धरून तो जाईल हे मी मनात धरूनच चालले होते, तुला न विचारता. आता त्याला मी किंवा बाबा सोडू. तू आपल्या मैत्रिणींबरोबर जा. रस्ताभर कोणाची वॉटरबॅग सांभाळायची नाही, कोणाच्या बुटाची नाडी बांधायची नाही. सुरुवातीला हात रिकामा रिकामा वाटेल कदाचित.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

रविवारी आजीशी बोलत होते. ती सहज म्हणाली, "तुझी लेक बाठ्याला हात लावीत नाही हो. फोडी तेवढ्या खाते नि बाठा गड्याच्या पोराला देते." मी म्हटलं, छे, तिला बाठाच आवडतो. आजी म्हणाली, "महिनाभर बघत्ये मी."

तुम्ही मिरजेची पोरं कोय म्हणता, माझ्या तोंडी बाठाच येतो. आपल्याकडे आंबा कापला की दोन फोडी आणि एक बाठा. एक फोड पिंट्याची, एक मनूची, तिच्यातला चमचाभर गर बाळ्याला. आणि तू पहिल्यापासून, अगदी मनू ताटावर बसायला लागल्यापासून, "मला कोय, मला कोय आवडते." मी किती कौतुकाने सांगितलंय लोकांना. कोपरापर्यंत रस ओघळतो, तरी सोडत नाही म्हणून.

ते ऐकल्यापासून माझं शिवणात लक्ष नाही. दोन गळे उलटे लावले. मी घरात शेंडेफळ, माझ्या ताटात कायम फोड. बाठा मोठ्या मावशीचा. मला कधी प्रश्नच पडला नाही. रविवारी रात्रीच तिला फोन लावला आणि विचारलं, तुला खरंच आवडायचा का गं? मला वाटलं रडेल, मी पण रडेन. तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "वेडी का काय तू? मला अजून बाठाच लागतो. तुमचे भावजी फोडी खातात." म्हणजे तिचं खरं होतं. मग तुझं काय, ते काही मला ठरवता येईना.

तिकडे आंबे भरपूर म्हणून असेल. सतत बाठा चोखून कंटाळली असशील म्हणूनही असेल. गड्याच्या पोराची दया आली असेल. मी उगाच मनाचे खेळ खेळत बसलेय, असं बाबा म्हणतात. पण तू मला खरं सांग. आवडत नसेल तर नाही म्हण, मला वाईट वाटेल म्हणून आवडतो म्हणू नकोस. आणि आवडत असेल तर तसंही सांग, मी उगीच तुझ्या ताटात फोडी वाढत बसायची आणि तू मनातून चिडायचीस.

हापूस आता पावसाने संपलाच असेल, पेटीसाठी आजीच्या मागे लागू नकोस. विहिरीजवळच्या रायवळाला अजून असतील तर तेवढे पिशवीभर घेऊन ये. दोन-तीन डझन पुरेत. तो कापायचा नसतो. पिळायचा, देठाकडून तोंडाला लावायचा, ज्याचा त्याचा अख्खा.

मामा तुला ८ तारखेला आणून सोडणार आहे. घाटात उलटी होते तुला, पुढच्या सीटवर बस आणि आवळासुपारी जवळ ठेव. आजीच्या पाया पडून नीघ.

तुझी,
आई

ता. क. खालची निळी रेघोटी मनूने काढलीय, तो म्हणे तुझा फ्रॉक आहे. तेलाचा डाग बाळ्याचा. आणि पिंट्याने विचारायला सांगितलंय, हातकणंगल्यानंतर थेट कोल्हापूर येतं की मध्ये आणखी एक गाव आहे? आम्ही काहीतरी गाळतोय, बाळ्या तिथेच डोळे उघडतो.