कॅप्टनकाका, शिडं उतरवायला लावलीत त्याबद्दल

तीर्थस्वरूप कॅप्टनकाकांना साष्टांग नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. फोनवर विषय काढला की तुम्ही लगेच बॅटरीची नाहीतर बिल्जपंपाची (नौकेच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. फ्लोरिडात आणि मेक्सिकोच्या आखाताकाठी शिडाची नौका बाळगणारी आणखीही मराठी कुटुंबं आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात इयन हे हरिकेन (चक्रीवादळ) येत होतं तेव्हा तुम्ही आम्हाला जे सांगितलंत, ते त्यांच्याही हाती असावं असं मला मनापासून वाटतं.

त्या रविवारी, २५ तारखेला, सगळ्यांच्या नजरा आमच्या उत्तरेच्या टँपा शहराकडे आणि त्याच्याही उत्तरेला होत्या. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशावर वादळाची संभाव्य वाट दाखवणारा तो पांढरा शंकू पसरलेला होता आणि आमचं फोर्ट मायर्स त्याच्या कडेला होतं. धक्क्यावरचे शेजारी म्हणत होते, दोर दुहेरी करा, पुरे होईल. तुम्ही मात्र नकाशा बाजूला ठेवलात आणि २००४ च्या चार्ली वादळाची गोष्ट सांगितलीत. तेही टँपालाच जाणार म्हणून सगळे बसले होते. १३ ऑगस्टला ते अचानक उजवीकडे वळलं आणि कायो कोस्टा बेटावरून पुंता गोर्डावर कोसळलं. शंकू फक्त वादळाच्या केंद्राची वाट सांगतो, तीही साधारण तीनात दोन वेळा खरी ठरते, आणि वारा किती दूरवर पोहोचेल, पाणी किती चढेल याबद्दल तो काहीच बोलत नाही, हे तुम्ही आम्हाला तेव्हा समजावलंत. किनारा तिरका असला की वादळाने दिशा जराशी बदलली तरी जमिनीवर शंभर मैलांचा फरक पडतो, हेही.

नौकेचं काय करायचं, यासाठी आमच्यासमोर तीन वाटा होत्या. धक्क्यावरच बांधून ठेवायची, तिवरांच्या खाडीत नेऊन दोरांचं जाळं विणून अडकवायची, किंवा कलूसाहॅची नदीने आत नेऊन जमिनीवर काढायची. आम्ही दोघं प्रत्येकीचे फायदे-तोटे मांडत बसलो होतो. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: ''तुम्ही दोघं निघून गेल्यावर या नौकेला कुणाच्या हाताची गरज लागेल का?'' लागत असेल तर ती वाट बाद. काका, या एका प्रश्नाने आमचा निर्णय झाला.

धक्क्याचं उत्तर स्वच्छ होतं. आमचा धक्का पक्का, पाण्याबरोबर वर न जाणारा. उधाणाचं पाणी सात-आठ फूट चढलं तर आखूड दोर नौकेला खाली ओढून धरतात आणि सैल सोडलेले दोर तिला खांबांवर आपटू देतात; मधलं माप वाऱ्यात उभं राहून कुणीतरी सारखं बदलत राहिलं तरच जमतं. शिवाय घासणं. नायलॉन ताणतो म्हणून हिसके सोसतो, पण त्याच ताणण्यामुळे तो कडेवर घासतो, आतून तापतो आणि तिथेच तुटतो. म्हणून कडेवरून जाणारा तुकडा पॉलिएस्टरचा लावायचा आणि त्यावर जुन्या अग्निशामक पाइपचं वेष्टण चढवायचं, हे तुम्ही प्रत्यक्ष करून दाखवलंत, आम्ही धक्क्यावर राहणार नव्हतो तरीसुद्धा. ते वेष्टण आता आमच्या रोजच्या दोरांवर आहे.

तिवरांच्या खाडीबद्दल तुम्ही आदराने बोललात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथे नौका वाचवल्या आहेत. मऊ चिखल, चारी बाजूंनी झाडं, लाटेला जागा नाही. पण तिथे आपली नौका कितीही नीट बांधली, तरी वाऱ्याकडच्या बाजूची दुसऱ्याची नौका सुटून अंगावर आली की सगळं संपलं. आणि बांधून झाल्यावर लहान होडीतून परत यायचं कधी आणि कसं, हे आधी ठरवावं लागतं.

राहिली नदीची वाट. इथे मला तुमचं खरं ऋण सांगायचं आहे. नदीच्या वरच्या अंगाला नौका जमिनीवर काढून ठेवण्याचं यार्ड आहे; तिथे वादळाच्या मोसमासाठी जागा आगाऊ करार करूनच मिळते आणि वादळाचं नाव जाहीर झाल्यावर तिथे कुणी फोनही उचलत नाही. तुमची स्वतःची नौका तुम्ही विकली होती, पण वर्षाची जागा भरलेली होती. ती तुम्ही आमच्या नावावर करून दिलीत. पैशांचा विषय आजवर काढू दिला नाहीत.

घाई कशासाठी, हेही तुम्ही घड्याळ लावून समजावलंत. ओल्गा, अल्वा, फोर्ट डेनॉड इथले पूल नौकांसाठी उघडावे लागतात. लोकांनी घरं सोडायला सुरुवात केली की रस्त्याला प्राधान्य मिळतं आणि पूल बंद राहतात. फ्रँकलिन लॉकही (नदीवरचं, नौकांना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं दारांचं बांधकाम) वादळ जवळ आलं की बंद होतं. म्हणजे वादळ किनाऱ्याला लागण्याची वेळ बघून उपयोग नाही. शेवटचा पूल उघडण्याची वेळ बघायची आणि तिथून उलटं मोजायचं. हरिकेनचा इशारा साधारण ३६ तास आधी मिळतो, आणि ते तासही वादळी वारे पोहोचेपर्यंतचे असतात. तेवढ्यात नौका आणि घर दोन्ही होत नाहीत. आम्ही इशाऱ्याची वाट न पाहता निघालो ते त्या हिशोबामुळे.

यार्डात नौका क्रेनच्या पट्ट्यांतून खाली आली तेव्हा आम्हाला काम झालंसं वाटत होतं आणि तुमचं तिथून सुरू झालं. २००४ मध्येच कॅरिबियनमधल्या ग्रेनडा बेटावर इव्हान वादळाने जमिनीवर टेकूंवर उभ्या असलेल्या नौका एकीवर एक पाडल्या, म्हणून नुसते टेकू नकोत. टेकूंखाली प्लायवूड, समोरासमोरचे टेकू साखळीने जोडलेले, आणि नौकेवरून पट्टे घेऊन थेट काँक्रीटमधल्या कड्यांना. मग शिडं. पुढचं शीड गुंडाळून दोरीने घट्ट बांधलं होतं, माझ्या नवऱ्याला ते पुरेसं वाटत होतं. तुम्ही सत्तरी ओलांडलेले, उन्हात उभे, ''उतरवा'' एवढंच म्हणालात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यात गुंडाळलेल्या शिडाचं एक टोक सुटलं की ते फडफडून डोलकाठीसकट नौका पाडतं. शिडं, छतं, सौरपट्ट्या, आडकाठीचे दोर, सगळं उतरलं. कोकणात मिरगाआधी होड्या वर ओढून शाकारतात, तसंच हे, असं तुम्ही म्हणालात आणि मला एकदम धीर आला. जे काम आपल्याकडे कोळीवाड्यातली पोरंही दर वर्षी बघतात, त्याची भीती ती काय!

यार्डातून निघताना तुम्ही तिला हात लावून नमस्कार करायला लावलात, विम्यासाठी सगळ्या बाजूंनी फोटो काढायला लावलेत, आणि मग म्हणालात, ''आता ती गेली असं समजा.'' तेव्हा ते मला कठोर वाटलं. नंतर कळलं, की तसं समजल्यामुळेच मंगळवारी आमच्या ली काउंटीचा (जिल्ह्याचा) घर सोडण्याचा आदेश आला तेव्हा आमच्यापैकी कुणीही ''एकदा जाऊन बघून येतो'' म्हणालं नाही. हरिकेनचा इशारा आल्यावर मरिनाने (नौका ठेवण्याच्या बंदराने) नौका बाहेर काढण्याची सक्ती करू नये, असा फ्लोरिडाचा कायदाच आहे, आणि त्यामागे मालमत्तेआधी जीव हाच विचार आहे, हे तुम्ही गाडीत सांगितलंत. आम्ही मुलांना घेऊन ऑरलँडोकडे निघालो.

२८ सप्टेंबरला दुपारी तीनच्या सुमारास इयन कायो कोस्टावरच जमिनीवर आलं. चार्लीचंच बेट, चार्लीइतकाच ताशी १५० मैलांचा वारा. टँपाच्या उपसागरातलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, तळ उघडा पडला. आमच्याकडे फोर्ट मायर्सच्या नदीकाठी पाणी सात फुटांहून वर चढलं, गावातल्या धक्क्यांचा चुराडा झाला, नौका रस्त्यांवर जाऊन पडल्या. फोर्ट मायर्स बीचजवळ कोळंबीचे मोठे ट्रॉलर जमिनीवर एकावर एक चढले. सॅनिबेल बेटाला जाणारा रस्ता तुटला. या वादळात दीडशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या धक्क्याचे खांब राहिले, फळी एकही नाही.

आमची नौका टेकूंवर उभी होती. एक पट्टा किंचित सैल झाला होता, कॉकपिटमध्ये पानं साचली होती. इतरांचं एवढं गेलेलं असताना हे सांगायला संकोच वाटतो, आणि न सांगितलं तर तुमच्यावर अन्याय होतो. पण काका, नौका पडली असती तरी मी हे पत्र असंच लिहिलं असतं. तुमच्यामुळे आम्ही बुधवारी दुपारी नौकेपासून लांब होतो, चौघंही.

यंदाचा यार्डाचा करार मेमध्येच केला आहे, १ जूनला मोसम सुरू व्हायच्या आत, आणि या वेळी आमच्या पैशांनी. विमा कंपनीला वादळाची योजना लेखी दिली आहे. नौका वर काढण्याच्या खर्चात त्यांचाही वाटा असेल. करारावर दुसरं नाव तुमचं घातलं आहे, तुम्हाला न विचारता. धक्क्यावर नवीन आलेल्या एका जोडप्याला तुमचा तो प्रश्न सांगितला, तर त्यांना तुम्हाला भेटायचं आहे. गणपतीत घरी या, तेही येतील. काकूंना नमस्कार.

तुमची,
धक्क्यावरची शेजारीण