थंड घर पाडा, तापणारं बांधा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरीय विकास व आवास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर आम्हाला उतरवून पुन्हा बांधायचं आहे. हौस म्हणून नव्हे. घर जीर्ण झालंय, पावसाळ्याआधी पाडा, अशी नोटीस दाराला डकवून गेलेत. म्हणून नकाशा टाकला, तो परवा नामंजूर होऊन आला. पाडायचा हुकूम आहे, बांधायची परवानगी नाही. आम्ही राहायचं कुठं, हे कुठल्याच कागदावर नाही.

या घराच्या भिंती दीड हात जाड, माती-विटांच्या. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे ऊन लागतं ते पुढून आणि वरून. मधे चौक. मे महिन्यात बाहेर बेचाळीसचा पारा असतो तेव्हा माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई माजघरात नुसत्या पंख्यावर झोपते. नव्या घरातही जाड भिंती आणि चौक ठेवला, हा आमचा गुन्हा.

एफएआर, म्हणजे प्लॉटच्या मानानं किती बांधकाम करता येतं ते प्रमाण, मोजताना भिंतीची जाडीही धरतात. प्लॉट नऊशे फुटांचा. भिंत जाड केली की खोली आकसते, पुढचं-मागचं मार्जिन सोडलं की चौकाला जागाच उरत नाही. टेबलामागच्या तरुण इंजिनिअरनं लाल पेनानं चौकावर फुली मारली आणि म्हणाला, "अंकल, एसी लगवा लेना!"

वाहवा! आणि वीज वाचवा म्हणून जाहिराती कुणाच्या? तुमच्याच ना?

केंद्राची इको-निवास संहिता 2018 ची. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला ती चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घालते. कुणासाठी? 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी. म्हणजे जवळपास साडेपाच हजार फूट. जुन्या इंदुरात एवढी जागा होळकरांकडे होती, आमच्याकडे कुठून येणार?

2023 मध्ये आपल्या नगर निगमनं हरित रोख्यांतून 244 कोटी उभे केले, जलूदला 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. अभिमान आहे. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं, तेही ठाऊक आहे. पॅनेल लावायला छत तेवढं द्या.

बायपासला जाऊन बघा एकदा. पश्चिमेच्या उन्हात काचेच्या इमारती भट्टीसारख्या तापतात, आत दिवसभर एसी. त्यांचे नकाशे पास होतात, कारण त्यांचा नकाशा घेऊन कोण जातं आणि आमचा घेऊन कोण जातं, यात फरक आहे. स्वच्छतेत पहिला नंबर आणणारं हेच शहर, आम्हीही ओला-सुका कचरा वेगळा करतोच की. पण फाइल म्हटली की सगळा कारभार तोच, राज्य कुणाचंही असो. 1918 मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारला सांगून गेला होता : जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, लागेल तेवढंच दुरुस्त करा. शंभर वर्षं उलटली, त्याचा अहवाल बहुधा त्याच टेबलावर पडून असेल.

मागणं फार नाही. नऊ इंचांवरची भिंतीची जाडी एफएआरमधून वगळा. सामाईक भिंतींची घरं जुन्याच पायावर उठवू द्या, चौक धरून. आणि नोटीस काढणाऱ्यानं परवानगी देणाऱ्याला आधी विचारावं.

तोवर पाडापाडी थांबवा. नाहीतर आईला भाड्याच्या फ्लॅटमध्ये न्यावं लागेल, तिथं एसीशिवाय भागणार नाही. त्याचं बिल भोपाळला कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, तेही उत्तरात कळवा.

एक करदाता,
रामबाग, इंदूर