दोन कॅन जास्त ने

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला. तेव्हापासून तुझी आई चहा समोर ठेवते आणि बोलत नाही. तू मंगळवारी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात निघायच्या आत हे मिळावं म्हणून लिहितोय. पाण्याचं एक अक्षर काढणार नाही.

ज्या प्राण्याला शोधायला चाललीस त्याचं तू पाठवलेलं बंड्याकडून समजून घेतलं. पोटाला पिशवी असलेलं, जेमतेम किलोभर भरणारं रॅट-कांगारू. १८४३ मध्ये गूल्ड नावाच्या प्राणी-अभ्यासक साहेबाने त्याची नोंद केली, मग जवळजवळ नव्वद वर्षं पत्ता नाही. १९३१ ला फिनलेसन नावाच्या अभ्यासकाला तिथल्या एअर सरोवराच्या पूर्वेला जिवंत सापडलं. एकामागे बारा मैल घोडे पळवले, म्हणजे आपलं सातारा ते कोरेगाव. घोडे दमले! मला तुझी सातवीतली खो-खोची मॅच आठवली. गुडघा फुटलेला, तरी बसली नाहीस.

आणि १९३५ नंतर खात्रीने कुणाला दिसलंच नाही. गोऱ्यांनी शिकारीच्या हौसेपायी आणलेला कोल्हा नेमका तेव्हाच त्या भागात पोचला, मांजरं होतीच. बिचारं रात्री चरायचं आणि दिवसा उथळ खड्ड्यात, पानांच्या अंथरुणावर, वर काटक्यांचं छप्पर करून पडायचं. घोड्यांना दमवणारं जनावर, अन् घर असलं. कोल्ह्याला काय, काटक्या सारल्या की झालं.

ते पाण्याच्या थेंबाशिवाय राहायचं म्हणे. तू नाही राहू शकत. दोन कॅन जास्त ने. रेंज नसलेल्या जागी पंधरा दिवस, आणि ज्याच्यासाठी चाललीस ते १९९४ लाच नामशेष म्हणून जाहीर झालंय! बँकेची परीक्षा दिली असतीस तर

राहू दे. चुकलं. मी बावीस वर्षं कोयनेकडे मुक्कामी गाडी नेली, घाटात कुठला फोन होता? तुझी आई सकाळी डेपोवर माणूस पाठवायची आणि मी तिच्यावरच खेकसायचो.

डेपोत सगळ्यांना तुझा कॅमेरा खांबाला बांधतानाचा फोटो दाखवला. पगार किती विचारलं, मी दुप्पट सांगितला.

निघण्याआधी आईला फोन कर. मी शेजारी असेन, मध्ये बोलणार नाही. कॅन निळे घे, पांढऱ्यांची झाकणं गळतात.

तुझे,
अण्णा