दरवाढीची सूचना बिलावरच छापा

‘विजेचे दर वाढणार’ हे वृत्त वाचले. मथळ्यावरून दरवाढ ठरूनच गेली असे वाटते. प्रत्यक्षात तो वितरण कंपनीचा प्रस्ताव असतो. वीज कायदा, २००३च्या कलम ६४ नुसार राज्य वीज नियामक आयोगाने लोकांच्या हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कंपनीच्या दरवाढीच्या मागणीला कात्री लावण्याचा अधिकारही आयोगाला आहे. पण हरकती मागवणारी सूचना लिलावाच्या जाहिरातींखाली, भिंग लावून वाचावी अशा टायपात छापली, तर वाचणार कोण? उद्योजक सल्लागार घेऊन सुनावणीला जातात (जावेच). घरगुती ग्राहकाला वाढीव बिल हातात पडल्यावरच जाग येते. बिल तर घरोघरी पोहोचतेच. प्रस्तावित दर आणि हरकतीची मुदत त्याच्याच मागच्या बाजूस ठळक छापणे आयोगाने सक्तीचे करावे.

– एक वीजग्राहक, रामबाग, इंदूर